थेरेसियाचा भाऊ : ग्रेगोर मेंडेल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीच्या चरित्राचा परिचय करून द्यावयाचा, असा प्रघात पडला आहे. कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाडी फुलविणाऱ्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ, वारल्यांची वेठ मोडावी म्हणून पाड्यापाड्यांतून हिंडणाऱ्या गोदावरी परुळेकर यांची चरित्रे आपण यापूर्वी वाचली. यंदा हे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी ग्रेगोर मेंडेल या परदेशी मठवासीयाचे नाव सुचविले. वाटाण्याच्या वेलींवर प्रयोग करणाऱ्या त्या साधूशी तलासरीच्या स्त्रियांना काय कर्तव्य, असे दोघीतिघींनी मला विचारलेही. त्यांचे विचारणे वावगे नव्हते. परंतु आपल्या पाड्यांवर एखाद्या घरी हातपाय धरून कण्हणारे, डोळे पिवळे पडलेले लेकरू असते. त्याच्या आईला घरीदारी बोल लागतो, आणि धडधाकट आईबापांच्या पोटी असे मूल कसे आले हे कोणालाच उमगत नाही. या कोड्याची किल्ली ज्याने प्रथम शोधून काढली, तो हा माणूस. म्हणून त्याची कहाणी आपल्याला ठाऊक असावयास हवी.

मी पुष्कळ वर्षे शाळेत शास्त्र हा विषय शिकविला. पाठ्यपुस्तकात मेंडेलच्या वाट्याला दोनचार पाने येतात. त्यांत उंच झाड, बुटके झाड आणि चौकटींचे एक कोष्टक. मुले ते कोष्टक पाठ करतात, गुण मिळवितात आणि विसरून जातात. त्या कोष्टकामागचा माणूस त्यांच्या दृष्टीस पडतच नाही. तो आपण आधी पाहू.

मेंडेलचा जन्म १८२२ च्या जुलै महिन्यात ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील हाइन्त्सेनडॉर्फ नावाच्या लहानशा खेड्यात झाला. ते खेडे आज चेक प्रजासत्ताकात आहे. त्याचे पाळण्यातले नाव योहान. वडील आंतोन शेतकरी होते, आई रोझिना माळ्याची लेक. थोरली बहीण व्हेरोनिका, मधला योहान आणि धाकटी थेरेसिया अशी तीन भावंडे. घरची थोडी शेती होती, फळझाडे होती. आपल्या डहाणू-घोलवडकडे खिरणीच्या खुंटावर चिकूचे कलम बांधतात, तशी झाडांची कलमे बांधण्याचा वडिलांना मोठा नाद होता आणि योहान लहानपणापासून त्यांच्या हाताशी असे.

परंतु हे कुटुंब आपल्या कष्टाचे पुरते धनी नव्हते. आठवड्यातले तीन दिवस आंतोनला जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावे लागे. भगिनींनो, हिला आपल्याकडे काय म्हणतात हे मी सांगावयास नको. आपल्या झरी गावी १९४५ च्या मे महिन्यात वारल्यांची परिषद भरली आणि यापुढे वेठ करावयाची नाही असा निर्धार झाला; त्या परिषदेच्या आठवणी आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितल्या आहेत. मेंडेलच्या देशातली वेठ १८४८ साली संपली. म्हणजे त्याचे सारे बालपण वेठीच्या सावलीत गेले. १८३८ साली वेठीच्या कामावर असतानाच झाडाचा ओंडका आंतोनच्या छातीवर कोसळला. जीव वाचला, पण अंगातली शक्ती गेली ती गेलीच.

योहान त्या वेळी घरापासून दूर ओपावा या गावी शिकत होता. घरून पैसा येईना. सोळा वर्षांचा हा मुलगा दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून, बहुतेक अर्धपोटी राहून शिकला. पुढे ओलोमोउत्स येथे वरचे शिक्षण घ्यावयाचे ठरले, तेव्हा मात्र सारे मार्ग खुंटले. १८४१ साली वडिलांनी शेती थोरल्या जावयाच्या हवाली केली. एकुलता मुलगा शेती सोडून पुस्तकांच्या मागे लागला, याचे घरात दुःख झालेच असणार.

अशा वेळी धाकटी थेरेसिया पुढे आली. आपल्याकडे वारली-कोकण्यांत मुलाकडून देज देण्याची रीत आहे. तिकडे मुलीला लग्नात घरच्या मिळकतीचा वाटा द्यावयाची रीत होती. आपल्यासाठी राखून ठेवलेल्या त्या वाट्यातला काही भाग थेरेसियाने भावाच्या शिक्षणासाठी देऊन टाकला. ती त्या वेळी लहान होती, तिचे लग्न व्हावयाचे होते, आणि वाटा कमी झाला तर स्थळ कसे मिळणार ही काळजी कोणत्याही घरात असते तशी तिथेही असेल. तरीही तिने दिले. पुढे जगाला जे ज्ञान मिळाले, त्याच्या मुळाशी एका खेडवळ मुलीने दिलेला हा पैसा आहे. चरित्रकार ही गोष्ट एका वाक्यात उरकतात. आपण स्त्रियांनी तिच्यापाशी क्षणभर थांबावे असे मला वाटते.

शिक्षण झाले, पण पोटाचा प्रश्न उरलाच. १८४३ साली योहान ब्रनो शहरातील संत थॉमसच्या मठात दाखल झाला आणि तेथे त्याला ग्रेगोर हे नाव मिळाले. या मठात विद्येची मोठी आस्था होती. मठाधिपती सिरिल नाप यांना मेंढ्यांची व फळझाडांची जात कशी सुधारावी, गुण पिढीजात कसे उतरतात, या प्रश्नांत स्वतः रस होता. मेंडेलला पोटाची चिंता उरली नाही आणि पुस्तके हाताशी आली.

१८४७ साली त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. परंतु रुग्णांच्या आणि मरणासन्न माणसांच्या उशाशी बसून त्यांना धीर द्यावयाचे काम त्याच्याने होईना. दुसऱ्याचे दुःख पाहून तो स्वतःच आजारी पडू लागला. नाप यांनी ते ओळखले आणि त्याला शिक्षकाच्या कामावर धाडले. शिकविण्यात तो रमला, मुलांनाही तो फार आवडे. मात्र शिक्षकाची पक्की सनद मिळविण्यासाठी १८५० साली दिलेल्या परीक्षेत तो नापास झाला. मग मठाने त्याला व्हिएन्नाच्या विद्यापीठात पाठविले. तेथे १८५१ ते १८५३ या काळात त्याने पदार्थविज्ञान, गणित व वनस्पतिशास्त्र यांचा अभ्यास केला. मोजल्याशिवाय कोणतीही गोष्ट सिद्ध होत नाही, ही शिकवण त्याच्या अंगी बाणली. १८५६ साली तो पुन्हा त्याच परीक्षेस बसला आणि पुन्हा अपयश घेऊन परतला. जन्मभर तो कच्चा, बदली शिक्षकच राहिला. परीक्षेत नापास झालेल्या आपल्या मुलामुलींना मी ही हकीकत आवर्जून सांगत असे.

त्याच १८५६ साली मठाच्या आवारातील एका चिंचोळ्या वाफ्यात त्याने आपले काम सुरू केले. वाफा सुमारे पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद. पीक वाटाण्याचे. आधी दोन वर्षे त्याने बियाण्याच्या चौतीस जाती लावून पाहिल्या आणि ज्या पिढ्यान् पिढ्या अगदी आपल्यासारखेच पीक देतात अशा बावीस जाती निवडल्या. मग त्याने सात गुण धरले : दाणा गोल की सुरकुतलेला, दाणा पिवळा की हिरवा, वेल उंच की बुटका, शेंगेचा आकार, शेंगेचा रंग, फुलाची जागा आणि दाण्याच्या सालीचा रंग. वाटाण्याचे फूल आपल्याच परागाने फळते. म्हणून कळी उमलण्यापूर्वीच ती हलकेच उघडावयाची, तिच्यातले कोवळे पुंकेसर चिमट्याने काढावयाचे, दुसऱ्या वेलीचे पराग तिच्यावर लावावयाचे आणि कीटक शिरू नये म्हणून फुलाला लहानशी पिशवी बांधावयाची, असे हे काम. आठ वर्षे, १८६३ पर्यंत, सुमारे अठ्ठावीस हजार रोपे त्याच्या हाताखालून गेली.

त्या काळी मोठमोठ्या पंडितांचीही अशी समजूत होती की, आईबापांचे गुण मुलात मिसळतात ते दूध-पाण्यासारखे. एकदा मिसळले की वेगळे होणे नाही. मेंडेलला दिसले ते निराळेच. गोल दाण्याची आणि सुरकुतलेल्या दाण्याची जात एकत्र आणली, तर पहिल्या पिढीत सारेच दाणे गोल आले. अर्धवट सुरकुतलेला दाणा एकही नाही. सुरकुती जणू नाहीशीच झाली. तेच दाणे पेरून दुसरी पिढी घेतली, तेव्हा मात्र ती पुन्हा प्रकट झाली. मेंडेल सुपात दाणे निवडावेत तसे निवडत आणि मोजत बसला. ७३२४ दाण्यांपैकी ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले भरले. रंगाच्या प्रयोगात ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे भरले. वेलींत ७८७ उंच आणि २७७ बुटके निघाले. कोणताही गुण घ्या, प्रमाण जवळजवळ तीनास एक.

यावरून त्याने जो निष्कर्ष काढला, तो समजण्यास कठीण नाही. प्रत्येक गुणासाठी प्रत्येक जिवात दोन बीजे असतात, एक आईकडून आलेले व एक बापाकडून आलेले. या बीजांना पुढच्या शास्त्रज्ञांनी जनुक हे नाव दिले. एका गुणाच्या जनुकाची दोन निराळी रूपे असू शकतात. दोन्ही रूपे एकत्र आली असता जे आपला गुण दाखविते ते प्रभावी, आणि जे असूनही दिसत नाही ते अप्रभावी. गोलपणा प्रभावी, सुरकुती अप्रभावी. दिसत नाही म्हणून ते मेले, विरघळले असे मात्र नाही. तांदूळ आणि नाचणी एका सुपात कालविली तरी दाणा दाण्यात विरघळत नाही, पुन्हा निवडता येतो, तसेच हे. प्रत्येक जीव आपल्या दोन बीजांपैकी एकच, कोणतेही एक, अपत्याला देतो. दोन्ही बाजूंनी अप्रभावी बीज येऊन मिळाले, म्हणजे लपलेला गुण पुन्हा उघडा पडतो.

सुरकुती का पडते, याचा उलगडा १९९० साली झाला. गोल दाण्यात साखरेपासून नीट पिष्ट तयार करणारा एक घटक असतो. तो बनविणारे जनुक सुरकुतलेल्या दाण्यात बिघडलेले असते. त्यामुळे त्यात साखर व पाणी अधिक राहते आणि वाळताना साल चुरमडते. दोहोंपैकी एक जनुक जरी चांगले असले तरी काम भागते, दाणा गोलच राहतो. अप्रभावी गुण लपून राहतो तो असा.

येथे मेंडेलपुढे एक अडचण उभी राहिली. गोल दाणे दोन प्रकारचे असणार : काहींच्या पोटी दोन्ही बीजे गोलपणाची, तर काहींच्या पोटी एक सुरकुतीचे लपलेले. वरून दोन्ही सारखेच. ओळखावे कसे? त्याने ते पेरले आणि पुढचा हंगाम येईपर्यंत थांबला. गोल दाण्यांच्या ५६५ वेलींपैकी १९३ वेलींना सारे गोल दाणे आले, आणि ३७२ वेलींना गोल व सुरकुतलेले असे दोन्ही आले. म्हणजे दर तीन गोल दाण्यांत सुमारे दोन दाणे सुरकुती लपवून होते. वाचक भगिनींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे आहे.

१८६५ साली ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च या दोन दिवशी मेंडेलने ब्रनोच्या निसर्ग-अभ्यासक मंडळापुढे आपला निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो छापून निघाला. त्याने त्याच्या चाळीस प्रती मागवून घेतल्या आणि युरोपातील विद्वानांकडे धाडल्या. त्या काळचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी त्याचा अनेक वर्षे पत्रव्यवहार झाला; परंतु या कामाचे मोल त्यांना कळले नाही. त्यांच्या आवडीच्या हॉकवीड या रानफुलावर मेंडेलने पुन्हा प्रयोग केले. ते फूल परागावाचूनही बी धरते, ही गोष्ट तेव्हा कोणास ठाऊक नव्हती. त्यामुळे वाटाण्याचा नियम तेथे दिसेना, आणि इतके कष्ट करून मेंडेलच्या पदरी निराशा आली.

१८६८ साली नाप यांच्यामागे मेंडेल मठाधिपती निवडला गेला. आता हाती पैसा आला, तेव्हा त्याला पहिली आठवण झाली ती थेरेसियाची. तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार त्याने उचलला. त्यांपैकी दोघे पुढे डॉक्टर झाले. बहिणीने दिलेले भावाने असे फेडले. मठाचा कारभार, मधमाश्यांचे पालन, रोजच्या पाऊसपाण्याच्या नोंदी यांत त्याचे दिवस जात. १८७४ च्या कायद्याने सरकारने मठांवर कर बसविला. तो अन्याय्य आहे असे म्हणून तो अखेरपर्यंत सरकारशी भांडत राहिला. त्या भांडणाने आणि मूत्रपिंडाच्या विकाराने तो खचला. ६ जानेवारी १८८४ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्याने देह ठेवला. शहरात हळहळ झाली ती एका दयाळू मठाधिपतीसाठी. विज्ञानाचा एक फार मोठा नियम याने शोधला आहे, हे शोक करणाऱ्यांत जवळजवळ कोणालाही ठाऊक नव्हते.

निबंध छापल्याला चौतीस वर्षे झाली. १९०० साली द व्ह्रीस, कॉरेन्स आणि चेरमाक या तिघा शास्त्रज्ञांना निरनिराळ्या ठिकाणी तोच नियम आढळला, आणि जुने ग्रंथ चाळताना तिघांनाही कळून चुकले की, हे एका मठवासीयाने फार पूर्वीच लिहून ठेवले आहे. मग मेंडेलचे नाव जगभर झाले.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ.

सिकलसेल हा रक्ताचा विकार आपल्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात आढळतो. रक्तातील तांबड्या पेशी एरवी वाटोळ्या व लवचीक असतात. या विकारात त्यांतील हिमोग्लोबिन नावाच्या द्रव्यात जन्मतःच एक लहानसा फरक असतो. त्यामुळे पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय सुजतात, हाडे-सांधे असह्य दुखतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही विळ्यासारखी पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून अंगात रक्त राहत नाही, डोळे पिवळे दिसतात, थकवा येतो. अमेरिकेतील शिकागो येथे १९१० साली या पेशी प्रथम वर्णिल्या गेल्या. १९४९ साली सिद्ध झाले की हा विकार मेंडेलच्या नियमाने चालतो, आणि तो अप्रभावी आहे. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींत आढळला.

ज्याच्याकडे असे एकच जनुक असते, त्याला वाहक म्हणतात. वाहक मनुष्य सहसा निरोगी असतो. शेतावर राबतो, वीटभट्टीवर जातो, संसार करतो. तो मेंडेलच्या त्या गोल दाण्यासारखा असतो, पोटात एक सुरकुती लपविलेला. एवढेच नव्हे, तर वाहक मुलांना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, असे १९५४ साली दिसून आले. जेथे पूर्वापार हिवताप माजलेला असे, अशा रानावनांच्या प्रदेशांत हे जनुक का टिकून राहिले, याचे कारण हे. यात कोणाचे पाप नाही, शाप नाही, जातीला कमीपणा नाही.

आता हिशेब पाहा. दोन मुठी धरा, एक आईची व एक बापाची. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुठीत एक चांगला दाणा आणि एक विळ्याचा दाणा आहे. न पाहता प्रत्येकीतून एकेक दाणा काढावयाचा. जुळण्या चारच होतात : दोन्ही चांगले, आईचा चांगला, बापाचा विळ्याचा, आईचा विळ्याचा, बापाचा चांगला, आणि दोन्ही विळ्याचे. म्हणजे चारांत एक संभव पूर्ण निरोगी मुलाचा, दोन संभव वाहकाचे आणि एक संभव आजारी मुलाचा. मुलगा असो वा मुलगी, प्रमाण सारखेच.

दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे दोन्ही दाणे चांगले असतील, तर काही मुले वाहक होतील, पण सिकलसेलने आजारी एकही होणार नाही. एक आजारी आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल, तर सारी मुले वाहक होतील, आजारी कोणी नाही. एक आजारी आणि दुसरा वाहक असेल, तर दर वेळी आजारी मुलाचा संभव निम्मा. आणि दोघेही आजारी असतील, तर त्यांच्या मुठीत दुसरा दाणाच नसल्याने सारी मुले आजारी होतील.

येथे एक गैरसमज नेहमी होतो. चारांत एक, म्हणजे एक मूल आजारी निघाले की पुढची तिघे सुखरूप, असे पुष्कळजणी धरून चालतात. तसे नाही. प्रत्येक बाळंतपणाला दाणे परत मुठीत टाकून नव्याने काढावे लागतात. पहिले मूल आजारी असले तरी दुसऱ्यालाही संभव तेवढाच. मेंडेलने चार दाणे मोजले असते तर त्याला नियम सापडला नसता. हजारो मोजले म्हणून सापडला. शिवाय माणसाचा प्रत्येक गुण इतक्या सरळ हिशेबाने चालत नाही. उंची, कातडीचा रंग, बुद्धी यांत अनेक जनुके आणि खाणेपिणे, संगोपन यांचाही वाटा असतो. सून काळी म्हणून नात काळी, असली गणिते मेंडेलच्या नावावर कोणी मांडू नयेत.

या हिशेबातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आता सांगते. आजारी मुलाला एक दाणा आईचा आणि एक दाणा बापाचा मिळालेला असतो. एकट्या आईकडून हा आजार येऊच शकत नाही. तिच्या उदराला दोष देणाऱ्या सासूने, तिला माहेरी धाडणाऱ्या नवऱ्याने, बाहेरची बाधा म्हणून भगताच्या दारी कोंबडे-बकरे देणाऱ्या घराने हे एकदा समजून घ्यावे. दोघांचा वाटा सारखा. मेंडेलच्या कोष्टकात बापाची बाजू आईच्या बाजूएवढीच लांब असते.

मेंडेलला कोणत्या गोल दाण्यात सुरकुती लपली आहे हे कळण्यासाठी पुढची पिढी उगवेपर्यंत थांबावे लागले. आपल्यालाही आजवर तसेच कळत आले आहे. आजारी मूल जन्मले, म्हणजे आईबाप वाहक असल्याचे समजावयाचे. परंतु आज तसे थांबण्याचे कारण उरलेले नाही. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर सोल्युबिलिटी ही साधी चाचणी होते. तीत शंका आली, तर पुढच्या तपासणीने वाहक कोण व आजारी कोण हे नक्की कळते. १ जुलै २०२३ रोजी भारत सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ सालापर्यंत हा आजार नाहीसा करावा असे तिचे उद्दिष्ट आहे, आणि शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी माणसांची तपासणी तीत योजिली आहे. ही तपासणी कोठे व कधी होते, याची चौकशी आपल्या गावच्या आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात करावी.

माझी विनंती एवढीच की, तपासणी लग्न ठरण्यापूर्वी व्हावी. आपल्याकडे वारल्यांचे लग्न धवलेरी लावते आणि देवचौक सुवासिनी लिहितात. लग्नाची सूत्रे स्त्रियांच्याच हाती असतात. त्या हातांनी चौक लिहिण्याआधी मुलाचे व मुलीचे कार्ड पाहावे. मात्र ते पाहताना न्यायाने पाहावे. मुलगी वाहक निघाली म्हणून तिला नाकारणे हा शुद्ध अन्याय आहे. मुलगा निरोगी असेल तर त्यांच्या पोटी आजारी मूल येत नाही. मुलीचे कार्ड मागावयाचे आणि मुलाचे झाकून ठेवावयाचे, हे तर त्याहून वाईट. दोघेही वाहक असतील तेथे थांबून विचार करावा, एवढेच त्या कार्डाचे सांगणे. लग्न आधीच झाले असेल, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत मोठ्या रुग्णालयात होऊ शकते. आणि मूल आजारी निघाले, तरी त्याचे आयुष्य संपत नाही. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, वेळेवर लसी, ताप आला की लगेच दवाखाना आणि डॉक्टर देतील ती हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे, यांनी दुखणे पुष्कळ आटोक्यात राहते.

वेठीने मोडलेल्या बापाचा मुलगा, दोनदा नापास झालेला शिक्षक आणि हयातीत कोणी न ओळखलेला शास्त्रज्ञ. त्याचे हे चरित्र. थेरेसियाने आपला वाटा दिला तेव्हा त्यातून काय निघेल हे तिला ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे. येत्या वर्षात आपल्या मंडळाच्या प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या पाड्यावरील लग्नाच्या वयाच्या निदान दोन मुलांना आणि दोन मुलींना सोबत नेऊन त्यांचे रक्त तपासून आणावे, असा संकल्प आपण या वर्धापनदिनी करावा, असे मी सुचविते.